चिठ्ठीतून निघालेला जोडीदार

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती गेले, आज वजनकाटा आला. समाजमंदिरात परवापर्यंत आरतीचं तबक जिथे होतं तिथे एक काळी काच ठेवलेली, आणि चाळीस माणसं चपला काढून रांगेत उभी. चपला काढायला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढेच दोनशे ग्रॅम कमी, असा प्रत्येकाचा हिशेब.

सामुदायिक वजनघट कार्यक्रमाने खरंच काही होतं का, हा विषय मीच संपादकांना सुचवला होता. ते म्हणाले, "तात्या, आतून लिहा. स्वतः नाव घाला." ते फोनवर बोलत होते, तरी त्यांना माझं पोट दिसलं असावं.

माझं वजन ८६.४. आसावरीचं तिने सांगितलं नाही आणि बायकोला वजन विचारण्याइतका मी नवखा नवरा नाही.

कार्यक्रम चालवणारी अक्षदा सत्तावीस वर्षांची. फिजिओथेरपिस्ट असल्याने ती माणसाकडे आधी गुडघा म्हणून बघते, मग माणूस म्हणून. बारा आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी व्यायाम, रविवारी वजन. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार. रोज संध्याकाळी आठला जोडीदाराला फोन करून दिवसभरात काय खाल्लं ते खरं सांगायचं. तेच वहीत लिहायचं. वही फक्त जोडीदाराने वाचायची आणि सही करायची.

"घरचं माणूस जोडीदार चालणार नाही," ती म्हणाली.

"का बरं?" मी.

"घरचं माणूस लाड करतं, नाहीतर टोमणे मारतं."

चाळीस जण हसले. आसावरी जरा जास्तच.

चिठ्ठ्या काढल्या. मला आले कोंडाजी, कळंबकडचे शेतकरी, वय एकसष्ट, साखर तीनशेच्या आसपास. आसावरीला जगदीश, भातगिरणीवाला. चार वर्षांपूर्वी बायको गेली. वजन शहाण्णव, मिशी भरघोस. "वहिनी, मी रोज खरं सांगेन, पण तुम्ही रागवायचं नाही," असं हात जोडून म्हणाला. हात जोडायची काय गरज होती कळलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आठ वाजता कोंडाजींना फोन लावला.

"तात्या, आमी दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी नि कांदा खाल्ला. तुमी?"

"एक भाकरी, मुगाची उसळ, काकडी."

"झ्याक! ठेवतो."

पस्तीस सेकंद. स्टेशनजवळचे दोन बटाटेवडे मी सांगितले नाहीत. ते उभ्याने खाल्ले होते आणि माझ्या मते बसून खातात त्यालाच जेवण म्हणतात.

आसावरीचा फोन अकरा मिनिटं चालला. ती गॅलरीत गेली होती. मधून हसू ऐकू येत होतं. पंचवीस वर्षं आठ वाजता माझी बातमी वाचून दाखवायची वेळ असते. मी वाचतो, ती भाजी निवडता निवडता "इथे 'तथापि' नको" असं म्हणते, मी तथापि काढतो. आज तथापि तसाच छापायला गेला.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन आठवड्यांत मी तीनशे ग्रॅम घटलो. कोंडाजी सव्वा किलो. जगदीश दोन किलो आणि आसावरी आठशे ग्रॅम. जगदीशने टाळ्या वाजवल्या, त्याही स्वतःसाठी नाहीत, तिच्यासाठी. अक्षदा म्हणाली, "बारा आठवड्यांत अडीच-तीन किलो गेले तरी खूप. घाई करू नका. खरी परीक्षा वर्षभराने." आम्हा पत्रकारांना वर्षभर थांबायची सवय नाही.

येताना आसावरीला विचारलं, "एवढं काय बोलता फोनवर?"

"खाण्याचं."

"खाण्याचं अकरा मिनिटं? आपण काय राजे आहोत?"

"ते विचारतात, मी सांगते," ती म्हणाली. "तुम्हाला काही हवंय का?"

मला काही नको होतं. मी तसं सांगितलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्र. आमच्याकडे आसावरीचे नऊ दिवस उपास. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस. उपासाने जेवढं वजन या घरात वाढलं तेवढं लग्नकार्यांनी वाढलं नाही, हे मी दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी ती हसते. यंदा हसली नाही. म्हणाली, "जगदीशभाऊंनी सांगितलं, भगर आणि ताक घ्या, दुसरं काही नको. त्यांची छाया असंच करायची."

छाया म्हणजे त्याची गेलेली बायको. मृत व्यक्तीचा मत्सर करता येत नाही, त्यामुळे मी जिवंताचा केला.

ताटात माझ्यासाठी खिचडी होती. अर्धी ठेवली. मी नेहमीच थोडं ठेवतो. वडिलांपासूनची रीत आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज सगळ्यांनी उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालायचं होतं. पुढे आसावरी आणि जगदीश. मागे मी आणि कोंडाजी. माझ्या चालण्यापेक्षा कोंडाजींचं बोलणं वेगाने जात होतं.

"तात्या, तुमची बाईल भारी चालते. पाय उचलतेय बगा."

"हो."

"जगदीश शेठ बी हलका झालाय. पैले गिरणीत बसायचा तं खुर्ची रडायची."

"हो."

"तुमी का बोलत नाय?"

"श्वास पुरत नाही."

श्वास पुरत होता. पुढून तिचं हसणं ऐकू येत होतं आणि मला त्या हसण्याला शब्द जोडायचे होते. एकच वाक्य कानावर पडलं. जगदीश म्हणत होता, "वहिनी, तुम्ही बसून जेवा. एवढंच सांगतो. बसून."

बसून जेवा! हा कसला संवाद? माझी बायको बसून जेवत नाही, हे ह्याला कुठून कळलं? आणि ती जेवत नाही का बसून? रात्री मी तिच्या आधी जेवतो आणि बातम्या लावतो. नंतर ती कशी जेवते हे मी पाहिलेलं नाही. बसूनच जेवत असणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला नको, पण दैनंदिनी खोटी ठेवायची तर वडे खाल्लेले कोंडाजींना न सांगण्यासारखंच झालं.

आसावरी भाजीला गेली होती. तिची वही ओट्यावर डब्यांच्या मागे होती. मी वाचली. प्रत्येक पानाखाली 'ज.' अशी सही आणि एखादं वाक्य. 'छान.' 'आज पाणी कमी.' 'वहिनी, आज मी पण चुकलो, जिलबी.'

आणि तिच्या अक्षरात, जवळजवळ रोज: 'यांच्या ताटातली अर्धी पोळी, भात वाटीभर. उभ्याने. भूक नव्हती. टाकवत नाही.'

एका पानावर: 'पंचवीस वर्षं होतील. कोणी मोजत नव्हतं म्हणून मीही मोजलं नाही.'

त्याखाली 'ज.' आणि काही नाही. नुसती सही. सहीच्या शेजारी पेनाचा एक ठिपका, जणू लिहायला गेला आणि थांबला.

मला त्या ठिपक्याचा राग आला. पोळीचं नंतर वाटलं. आधी ठिपक्याचंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. समाजमंदिर अर्धं रिकामं. चाळिसातले सोळा आलेच नाहीत. कोंडाजी नाहीत, त्यांच्याच बाजूची सुंदरा आणि तिच्या वाडीतल्या पाच बायका नाहीत. कोंडाजींना फोन केला तर वाऱ्याचा आवाज.

"कुठे आहात?"

"शेतावर. कापणी हाय. आता नाय जमायचं यायला."

"म्हणजे सोडलंत?"

"आँ? आवाज नाय येत!" आणि बंद.

आसावरीचं वजन तीन किलोंनी खाली. जगदीशने बरोबर आणलेल्या भिजवलेल्या शेंगदाण्यांतून तिच्या तळहातावर मोजून दहा ठेवले. अकरावा ठेवून परत उचलला. सगळे हसले.

घरी येऊन लेख लिहायला बसलो. बाहेर कोणीतरी उरलेले फटाके उडवत होतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

लेख आज छापून आला. मथळा माझाच: 'वजन घटते की उपस्थिती?' कर्जतमधल्या चाळीस जणांपैकी सोळा जणांनी सात आठवड्यांतच कार्यक्रम सोडला, म्हणजे चाळीस टक्के गळती, असं मी ठासून लिहिलं. जोडीदारांच्या गप्पांबद्दल दोन चिमटे. आणि शेवटच्या परिच्छेदात, जिथे वाचक हसावा अशी माझी रीत आहे:

'एका गृहिणीच्या वहीत पतीच्या ताटातील उरलेल्या पोळीची रोजची नोंद आढळते. या उपक्रमाचे खरे नाव उच्छिष्टभक्षण-निवारण मोहीम असे ठेवावे काय?'

शुक्रवारपासून शब्द तयार होता. छान जमला होता.

सकाळी आसावरीने पेपर उघडला. चहा टेबलावर होता. तिने शेवटपर्यंत वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा.

"माझी वही वाचलीत."

"नाव कुठे घातलंय? कोणालाही कळणार नाही."

"कर्जतमध्ये नवऱ्याच्या ताटातलं खाणाऱ्या पुष्कळ असतील," ती म्हणाली. "उच्छिष्ट म्हणणारा नवरा एकच आहे."

तिने चहाचा कप उचलून मोरीत ओतला. माझा. तिचा तिने बसून प्यायला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ती बोलत नाही असं नाही. "पाणी आलंय." "गॅस संपेल." आठ वाजता गॅलरीत जाते, दार लावून घेते. जेवताना तिचं ताट आधी वाढते, बसते, खाते. माझं मी वाढून घेतो. आज दोन पोळ्या घेतल्या, दोन्ही खाल्ल्या. ठेवायला काही नव्हतं. ताट घासलं. ती बघत नव्हती.

२ नोव्हेंबर, रविवार

समाजमंदिरात गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? पायऱ्यांवर बायका बसतात. पदराआडून हसतील आणि ते हसण्याजोगंच आहे. आसावरी एकटी गेली. परतली तेव्हा वजन काय, विचारायचं होतं. विचारलं नाही. आता विचारलं तर बातमीसाठी विचारतोय असं वाटेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षदा घरी आली. पाणी प्यायली नाही.

"तात्या, कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या मुंबईच्या संस्थेने तुमचं कात्रण पाठवलंय. चाळीस टक्के गळती असेल तर खालापूरची पुढची तुकडी थांबवा, म्हणतात. जानेवारीला सुरू होणार होती. साठ जणांची यादी तयार आहे."

"आकडा खरा आहे. मी मोजला."

"तुम्ही रिकाम्या चटया मोजल्या." ती म्हणाली. "दिवाळीनंतर इथे कोण येणार होतं सांगा? वेळापत्रक आखताना मी कापणीचा विचार केला नाही, चूक माझी. मी ठाण्याची आहे. तुम्ही तर इथलेच."

आसावरी आतून म्हणाली, "ते इथले आहेत, पण शेतातले नाहीत."

खरं आहे. आमच्या घराण्यात भात कापणारा कोणी नाही. शब्द कापणारे पुष्कळ.

अक्षदाने वजनकाटा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "मोजायचंच असेल तर माणसं मोजा," म्हणाली आणि गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सात वाजता दारात जगदीशचा टेंपो. आसावरीने बोलावला म्हणे. मला नाही सांगितलं.

"चला तात्या. सोळा घरं मला माहीत आहेत. भात माझ्याकडेच येतं."

मी काटा मांडीवर घेऊन बसलो. कळंबच्या रस्त्याला दोन्हीकडे कापलेली शेतं, मध्ये भाऱ्यांचे ढीग.  मग मीच म्हटलं, "तुम्ही माझा लेख वाचलात."

"वाचला. उच्छिष्ट म्हणजे काय ते वहिनींना विचारलं. त्यांनी सांगितलं." त्याने गिअर बदलला. "तुम्हाला माझा राग आहे ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"असू दे," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? आठ वाजायची मी वाट बघायचो. चार वर्षांत कोणी मला 'जेवलात का, काय जेवलात' असं विचारलं नव्हतं. आवडायचं मला. त्यापलीकडे काही नाही, पण तेवढं होतं."

तेवढं होतं. मी ते दोनदा मनात म्हटलं. त्याने 'काही नव्हतं' असं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

"आणि ती?"

"वहिनींना तुम्ही विचारा."

पहिलं शेत सुंदराचं. ती डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालली होती. तीस-बत्तीस वर्षांची, नऊ आठवड्यांपूर्वी जिना चढताना धापा टाकणारी.

"तात्या, पेपरात आमी पळून गेलो म्हनं!"

"चुकलं माझं. काट्यावर उभी राहशील का?"

खळ्यावर फळी टाकली, फळीवर काटा. ती तशीच भाऱ्यासकट चढली. काट्याने ब्याण्णव दाखवलं. बाकीच्या बायका ओरडल्या, "भारा उतरव गं! तुला पेपरात जाडी लिवतील!"

भारा उतरवल्यावर सदुसष्ट. सुरुवातीला एकाहत्तर. मी वहीत लिहिलं. तिने विचारलं, "आता लिवनार ना नीट?"

"लिहीन."

"भात झोडायला दोन दिवस या. मग नीट लिवाल."

सगळे हसले. जगदीशही. मी भारा उचलून बघायला गेलो. गुडघ्यापर्यंत आला, तिथून पुढे आला नाही. जगदीशने मागून हात लावला. दोघांनी मिळून सुंदराच्या डोक्यावर दिला. ती "हां" म्हणून निघून गेली, एका लयीत.

कोंडाजी झोडणी करत होते. वजन चार किलो कमी, साखर दोनशे. "सोडलं नव्हतं रं तात्या," ते म्हणाले, "मी तं तुमाला रोज आठला फोन लावतो. तुमीच उचलत नाय."

फोन खिशात होता. एकोणतीस तारखेनंतर लोक हसतील म्हणून मी आठ वाजता तो बंद ठेवत होतो.

संध्याकाळपर्यंत चौदा जण सापडले. उरलेले दोन रसायनीच्या कारखान्यात पाळीवर होते, त्यांच्या घरच्यांनी वजन सांगितलं. ते मी वेगळं लिहिलं. माझी पाठ लाकडासारखी झाली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटचं वजन. मी बाहेर पायरीवर वही घेऊन बसलो होतो, वार्ताहर म्हणून. कापणी संपल्यामुळे सगळे आले. रसायनीवाल्या दोघांनाही काट्यावर घेतलं. आसावरी आत होती, अक्षदाला मदत करत, नावं पुकारत. तिचं वजन चार किलो दोनशेने कमी. हे तिने पुकारलं, स्वतःचं नाव आणि आकडा, बाकीच्यांसारखंच. मग पुढचं नाव.

संध्याकाळी दुसरा लेख लिहून झाला. आठला दहा कमी होते. मी जेवणघराच्या दाराशी गेलो.

"वाचून दाखवू?"

ती जेवत होती. बसून. "वाचा."

वाचलं. गळतीचा माझा आकडा चुकीचा होता, हे पहिल्याच वाक्यात. कापणीत न आलेले सोळाही जण कार्यक्रमातच होते. वजन घटलेले एकोणतीस, तितकंच राहिलेले सात, वाढलेले तीन. वाढलेल्यांपैकी एकाने उपास फार केले, एवढा एकच विनोद ठेवला होता. दुसऱ्याची वही परवानगीशिवाय वाचून छापली, त्याबद्दल माफी. त्या वाक्यात संस्कृत शब्द एकही नव्हता. आणि शेवटी अक्षदाचं म्हणणं: फायदा झाला की नाही ते वर्षभराने बघा, कारण वजन उतरवण्यापेक्षा उतरलेलं राखणं कठीण.

तिने घास गिळला. "एकोणतीस, सात, तीन. किती झाले?"

"एकोणचाळीस."

"आम्ही चाळीस होतो."

मी वही काढली. नावं पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. भागाकारात शेष राहिल्यावर बाई पाचवीतल्या मुलाकडे बघतात, तशी.

"दोन नोव्हेंबरपासून समाजमंदिरात आला नाहीत," ती म्हणाली. "फोन उचलला नाहीत. कोंडाजी मला विचारायचे, तात्या कुठे हाय. मी काय सांगायचं?"

"मध्येच सोडले: एक," मी लिहिलं.

"नाव घाला."

"पेपरात?"

"घाला."

घातलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मग विचारलं, "खालापूरला नवी तुकडी आहे ना?"

"अक्षदाने खरे आकडे कधीच पाठवलेत. संस्थेने होकार दिलाय. जानेवारीपासून तीन सकाळी मी जाणार आहे, तिच्या मदतीला."

"नाव घेतात का अजून? एकदा सोडलेल्याचं?"

"अर्ज करा. जोडीदार चिठ्ठीने."

तिने ताट उचललं, फोन घेतला, गॅलरीत गेली. आठ वाजले होते. दार या वेळी लावलं नाही. बारा मिनिटं बोलली. सातव्या मिनिटाला हसली. कशाला हसली ते ऐकू आलं असतं, मी एक पाऊल पुढे गेलो असतो तर. मी अर्जाचा कागद शोधत बसलो.